अंगठीतला लाल दोरा

बातमी आली त्या सकाळी आमच्या अंगणात एक नवी कोरी स्कूटर आशीर्वादासाठी उभी होती. हँडलला जास्वंदीचा हार, सीटवर अजून प्लॅस्टिक. बिशपच्या पर्सनल असिस्टंटचा दिवस असाच सुरू होतो. कधी स्कूटर, कधी बोअरवेल, कधी लग्न मोडायला निघालेली मुलगी. म्हणून किस्से साचतात. साहेब गेल्यापासून लोक मला वसईत पापडी गावाच्या बाजारात थांबवतात आणि म्हणतात, "मास्तर, एखादा सांगा ना!" मी हसायचा भाग सांगतो. त्या वेळी मला काय वाटत होतं, ते सांगायचं राहतं. आज दोन्ही सांगतो.

आधी ओळख. साहेब आमच्याच गावचे. धर्मगुरू झाले, मग दूरच्या प्रांतात बिशप झाले, उभी हयात तिकडे गेली. निवृत्त झाल्यावर चर्चमागच्या छोट्या बंगलीत राहायला परत आले. मी शाळेतला मराठीचा मास्तर. बायको फिलोमिना गेल्यावर शाळाही सोडली, आणि मग घरात बसवेना. साहेबांना पत्रं लिहायला, फोन घ्यायला, भेटीच्या वेळा ठरवायला माणूस हवा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी कामाची व्याख्या सांगितली. "पर्सनल म्हणजे माझा चष्मा शोधायचा. असिस्टंट म्हणजे तो माझ्याच कपाळावर होता, हे चारचौघांत सांगायचं नाही!"

तर ती स्कूटर. ती कोंसामावशीची. कोंसामावशी म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र, आणि तेही सकाळचं. ती दारात उभी असतानाच टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टर होते. मी फोन साहेबांना दिला. ते ऐकत राहिले. "बरं... बरं... थँक यू, डॉक्टर," म्हणाले आणि गॅस सिलिंडरचा नंबर लागल्याची खबर आल्यासारखा फोन ठेवला. मग पवित्र पाण्याचं भांडं उचलून अंगणात गेले.

"साहेब, ब्रेकवर जरा जास्त पाणी मारा," मावशी म्हणाली. "सून चालवणार आहे!"

साहेबांनी ब्रेकवर पाणी शिंपडलं. मग मावशीच्या तोंडावरही शिंपडलं. म्हणाले, "ब्रेक सगळीकडे हवा!"

मावशी हसत गेली. साहेब आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षाची डायरी घ्यायची घाई करू नकोस."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी टेबलाची कड धरली.

"तुला कळलं, मला कळलं," ते म्हणाले. "तिसऱ्याला नको."

"पण का, साहेब?"

"आजारी माणसाला लोक बघायला येतात. त्याच्याकडे मागायला कुणी येत नाही. मला मागायला आलेली माणसं बरी वाटतात. आणि दुसरं, आपल्या चर्चमधलं दृढीकरण मला द्यायचंय."

दृढीकरण म्हणजे मुलं जाणती झाली की बिशप त्यांच्या कपाळाला पवित्र तेल लावून जो संस्कार देतात तो. साहेबांना तो याच चर्चमध्ये मिळाला होता. यंदाचा दिवस त्यांनी आग्रहाने मागून घेतला होता. "कळलं तर मला घरी बसवतील. प्रेमाने बसवतील, पण बसवतील. तेवढा दिवस जाऊ दे, मग सगळ्या वसईला सांग."

तेव्हापासून मी घाबरायला लागलो.

*

एव्हरशाईन सिटीत एका कुटुंबाने नवा फ्लॅट घेतला होता. तिसरा मजला, लिफ्ट होती, म्हणून मी हो म्हणालो होतो. हॉलमध्ये भला मोठा फिशटँक. साहेब प्रत्येक खोलीत पाणी शिंपडत आले. हॉलमध्ये त्यांनी जरा जोरात हात उडवला, आणि हातातून काहीतरी सुटून टँकच्या काचेवर वाजलं. टण्! मग बुडुक.

बिशपपदाची अंगठी!

घरमालकाने कोट न काढताच कोपरापर्यंत हात घातला. मासे सैरावैरा. बाई म्हणत होत्या, "ओ गॉड, ओ गॉड, गोल्डफिशने गिळली तर?"

साहेब शांतपणे म्हणाले, "हरकत नाही. संत पेत्रही कोळीच होता. काढेल शोधून!"

सगळे हसले. मी टॉवेल आणायला बाथरूममध्ये गेलो आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. अंगठी हातातून का सुटली, ते त्या घरात दोघांनाच माहीत होतं. आणि मला ते दुसऱ्यांदा माहीत होत होतं. शेवटच्या पावसाळ्यात फिलोमिनाची लग्नातली अंगठी भांडी घासताना मोरीत गेली होती. बोट बारीक व्हायला लागलं की पुढचं सगळं त्याच रस्त्याने जातं, हे मी पाहिलं होतं.

परत येताना मी म्हणालो, "साहेब, सोनाराकडे देऊ. लहान करून देईल."

"सोनाराला सांगायचं म्हणजे वसईला सांगायचं," ते म्हणाले. "बिशपची अंगठी लहान का झाली, यावर कोंसामावशीची विशेष आवृत्ती निघेल. दृढीकरण झालं की जाऊ."

घरी येऊन मी फिलोमिनाचा शिवणाचा डबा काढला. ती गेल्यापासून उघडला नव्हता. वरच लाल दोऱ्याचं रीळ होतं. तिची अंगठी मोरीतून निघाल्यावर मीच तिला दोरा गुंडाळून दिला होता, त्यातलंच उरलेलं. अंगठीच्या आतल्या बाजूने घट्ट वेढे द्यायचे, टोक आत खुपसायचं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती घालून पाहिली, हात हलवून पाहिला.

"बसली! मास्तर, शाळेत शिवणकाम शिकवायचास की काय?"

"नाही, साहेब. घरी शिकलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अंगठीवरून अंगठा फिरवला.

*

आमचा ड्रायव्हर मनवेल. मनवेलला गाडी हळू चालवायला सांगणं म्हणजे कोंबड्याला हळू आरव म्हणण्यासारखं. बोळिंजला एका कॉम्प्लेक्समध्ये प्रार्थना होती, तिथून परत येत होतो. खड्ड्यागणिक मी "हळू, हळू" करत होतो.

शेवटी मनवेल वैतागला. "मास्तर, गाडीत बिशप आहेत की अंड्यांचा ट्रे?"

साहेब मागे डोळे मिटून बसले होते. एरवी ते अशा वेळी काहीतरी बोलतातच. बोलले नाहीत. मी वळून पाहिलं. मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उलटा पडलेला. माझ्या कानांत गाडीचा आवाजच येईना. मनवेलला कळू नये म्हणून मी पाणी देण्याचं निमित्त करून मागे हात नेला आणि बोट हळूच त्यांच्या नाकाखाली धरलं.

डोळे न उघडता साहेब म्हणाले, "मास्तर, अजून आहे."

मनवेलने आरशातून विचारलं, "काय आहे, साहेब?"

"पाणी!" साहेब म्हणाले.

*

एका गावच्या सणाला मिरवणूक होती. चर्चपासून क्रुसापर्यंत आणि परत, भर उन्हात. तिथल्या फादरांचा फोन आला. साहेबांनी सर्वांत पुढे चालावं अशी लोकांची फार इच्छा आहे. साहेब समोर बसून ऐकत होते, त्यांना जिना चढतानाही मध्ये थांबावं लागत होतं. मी म्हणालो, "फादर, साहेबांना बूट चावतात हो. चालणं जमणार नाही. खुर्चीवरून आशीर्वाद देतील."

फोन ठेवला तर साहेब म्हणाले, "खोटं बोललास. पापनिवेदन करावं लागेल."

"तुमच्याकडेच करतो."

"माझ्याकडे नको. मी यात साक्षीदार आहे!"

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी फादर स्वतः आले. हातात नवे बूट! मऊ कातडी, गादीवाले. "साहेब, हे घालून बघा. आमच्या महिला मंडळाने वर्गणी काढली." पाठोपाठ युवक मंडळाचे सँडल आले. आणि कोंसामावशीला कुठून कळलं कोण जाणे, तिने सुनेच्या हाती पायाला चोळायचं तेल पाठवलं.

साहेब बूट घालून उभे राहिले. "आता चालायलाच हवं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी चालले. क्रुसापर्यंत. मी बाजूने छत्री धरून चाललो. लोकांना वाटलं उन्हासाठी. दुसऱ्या हाताने मी त्यांचं कोपर धरलं होतं, आणि त्या सगळ्या वाटेवर मी एकही प्रार्थना म्हटली नाही. फक्त पावलं बघत होतो.

परतीच्या वाटेला त्यांनी स्वतःच गाडी मागितली. फादरांना म्हणाले, "बूट छान आहेत. जुन्यांपेक्षा छान चावतात!"

*

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही, कारण यात हसायचं काही नाही.

समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात साहेबांची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, झाली. नंतर रीतीप्रमाणे लोक रांगेने येऊन गुडघा टेकून बिशपच्या अंगठीचं चुंबन घेत होते. एक म्हातारी आली. पाठीत वाकलेली, डोळे मात्र लख्ख. तिने साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला, ओठ टेकवले आणि हात सोडलाच नाही. बोट हळूच वळवून तिने अंगठीच्या आतला लाल दोरा पाहिला.

मी पुढे झालो. "आजी, मागे लोक आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. साहेबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "माज्या दादल्याची पन अशीच सैल झालेली."

आणि गेली. जाताना दाराशी थांबून मनवेलला काहीतरी बोलली. मनवेल नुसता मान हलवत होता. काय बोलली, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. वाटेत मनवेल पहिल्यांदाच गाडी हळू चालवत होता. मला वाटलं, रस्ता खराब असेल.

*

दृढीकरणाचा दिवस उजाडला.

चर्च सकाळीच भरलं होतं. मुलं पांढऱ्या कपड्यांत, आया त्यांचे केस चापून बसवतायत, बाप मोबाईल वर धरून उभे. आतल्या खोलीत मी साहेबांच्या अंगठीचा दोरा बदलत होतो. जुना तेलकट होऊन निसटत होता, आणि बोट आणखी बारीक झालं होतं. मी वेढे देत गेलो. दोन वेढे, तीन वेढे, आणि रीळ संपलं. अंगठी बोटात घातली. साहेबांनी हात खाली केला. अंगठी माझ्या तळहातात आली.

बाहेर गाणं सुरू झालं होतं.

"साहेब, दोन मिनिटं थांबा. कुणाकडे तरी दोरा मागतो."

"राहू दे," ते म्हणाले. "ठेव तुझ्या खिशात."

"लोक विचारतील."

"विचारू देत."

ते रिकाम्या हाताने बाहेर गेले. मी मागे खुर्ची घेऊन उभा. एकेक मूल पुढे येत होतं. साहेब नाव विचारत होते, अंगठा तेलात बुडवत होते, कपाळावर क्रूस काढत होते. मध्येच ते जरा झुकले, तेव्हा मी खुर्ची मागून पुढे सरकवली. ती त्यांच्या पायांना लागली. ते बसले नाहीत, तिला टेकून उभे राहिले. शेवटच्या मुलापर्यंत.

मिस्सा संपली आणि मला खरी भीती वाटली ती आता. लोक रांगेने पुढे यायला लागले. अंगठीचं चुंबन घ्यायला. अंगठी माझ्या खिशात.

पहिलीच कोंसामावशी! गल्लीचं वर्तमानपत्र! ती गुडघ्यावर बसली. साहेबांनी हात पुढे केला. बोटावर अंगठीच्या जागी नुसता पांढरट पट्टा. मावशीने तो पाहिला. मी डोळे मिटले.

मावशीने त्या पट्ट्यावर ओठ टेकवले. उठली. म्हणाली, "साहेब, स्कूटर मस्त चालते हं."

तिच्यामागे सून आली. तिनेही रिकाम्या बोटावर ओठ टेकवले. मग बूट आणणारे फादर. मग महिला मंडळ, युवक मंडळ, मुलांचे आईबाप. सगळे गुडघा टेकत होते, रिकाम्या बोटाचं चुंबन घेत होते, आणि उठून कुणी पीक कसं आहे ते सांगत होतं, कुणी मुलीच्या नोकरीसाठी प्रार्थना मागत होतं. अंगठीचं कुणी विचारलं नाही. एकानेही नाही.

बाहेर मनवेलने गाडीचं दार उघडून धरलं होतं. साहेब आत बसले. मनवेलने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि माझ्या हातात काहीतरी दिलं.

लाल दोऱ्याचं रीळ होतं.

"तुमचं संपत आलं होतं, मास्तर," तो म्हणाला. "मी आपलं ठेवलं होतं."

रिळावरचा कागद कितीतरी दिवस कप्प्यात घासून पुसट झाला होता.

मी साहेबांकडे पाहिलं. ते काचेतून चर्चच्या पायऱ्यांकडे बघत होते. गाडी हळू निघाली, एकाही खड्ड्यात न आपटता.

"मास्तर," ते म्हणाले, "सोमवारी सोनाराकडे जाऊ."

सोनाराकडे जायचं राहिलं.