रिफ्रेश कुठाय?

समस्त मराठीजनांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, विंडोजवर वाढलेल्या माणसाला लिनक्स शिकवण्यापेक्षा रेड्याला सायकल शिकवणं सोपं आहे. परवा जुना कॉम्प्युटर उघडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि कोरेगावजवळचं एक वाचनालय आठवलं. तिथल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांना नवं विंडोज पेलत नव्हतं. त्यांच्यात विंडोजऐवजी हलकं लिनक्स घालायचं, नाहीतर ते भंगारात द्यायचे, आणि भरतीचे अर्ज भरणाऱ्या पोरींना गावात दुसरा कॉम्प्युटर नव्हता. निर्णय अध्यक्षांचा, म्हणजे एका निवृत्त सुभेदारांचा. बाहेर उसाच्या ट्रॉल्या कण्हत होत्या, आत सुभेदार आणि जमलेल्या पोरींपुढं मी सकाळपासून घसा फोडत होतो. इथं सी ड्राइव्ह नसतो, हे फुकट मिळतं, काही बदलायचं तर आधी पासवर्ड विचारतं. "म्हंजे पहाऱ्यावर जवान हाय की," सुभेदार खूश झाले. सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी माऊस घेतला, मोकळ्या पडद्यावर उजवं बटण दाबलं आणि थबकले. "रिफ्रेश कुठाय?" आपल्याकडं कॉम्प्युटर लावला की कामाआधी चारदा रिफ्रेश दाबायची रीतच आहे. मी थकून म्हणालो, "आबा, ते यात नाही. लागतच नाही. विंडोजमध्येसुद्धा त्यानं काही वेग वाढत नाही." आता सगळं भंगारात जाणार, म्हणून पोरींचे चेहरे उतरले. आज इतक्या वर्षांनी कुणाला लिनक्स समजावून दमलो, की त्या दिवशीचा सुभेदारांचा आवाज कानात घुमतो, "आवं मास्तर, तोंड न धुताच कामाला बसतंय व्हय हे? ऱ्हाऊ द्या हितंच, पर आदी त्याला तोंड धुवाया शिकवा!"