व्हिडिओतली गाठ

माझ्या फोनमध्ये दुकानाची वेबसाईट करणाऱ्या मुलीचा नंबर 'वेबसाईट, वडगाव' एवढ्याच नावानं आहे. तिच्या घरी खाली माग चालतात, वर माडीवर तिचा कॉम्प्युटर. त्या खडखडाटात वाढल्यामुळे ती गिऱ्हाइकांच्या शांत ऑफिसातही ओरडूनच बोलते. साडीचा रंग स्क्रीनवर बसवायचा असला की साडी घेऊन खाली उन्हात जाते, बघून येते, रंग जरासा बदलते, परत जाते. माझ्या खासबागेतल्या दुकानाच्या साड्यांसाठी तिनं तो जिना किती वेळा उतरला, देव जाणे.

वेबसाईटवर घालायला तिनं माग चालतानाचा व्हिडिओ केला. त्यात मध्येच दोरा तुटतो, माग थांबतो आणि दोन हात पुढं येऊन गाठ मारतात. चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, "तेवढं काप. गिऱ्हाइकाला वाटेल, माल खराब आहे."

"न्हाय कापणार, अण्णा. दोरा तुटल्याबिगर साडी हुतीय व्हय? पटत नसंल तर दुसऱ्याकडनं करून घ्या."

मला राग आला होता. तरी व्हिडिओ तसाच ठेवला.

परवा पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांना त्या गाठ मारणाऱ्या हातांनी विणलेलीच साडी हवी होती. मी वडगावला जाऊन हे सांगितलं. ती उठून जिन्यापाशी गेली आणि खाली हाक मारली, "आई, पुण्यासनं तुझी साडी मागितलीया गं."

खाली एक माग थांबला.