रेयॉनिझमला नेलेल्या चाळीस कुर्त्या

सांगू का नको, याच विचारात होते. पण चहा ओतलाच हाय तर ऐका. अशी फजिती शत्रूची बी होऊ नये!

मी अर्धापूरला घरातूनच कुर्त्या विकते. कापडातलं मला लई कळतं, असा माझा समज. माझी भाची अस्मिता लातूरला चित्रकला शिकते. तिचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्टँडवर. गोंगाट तर काय विचारता!

"आत्या, रविवारी आमचं रेयॉनिझमचं प्रदर्शन हाय. तू येच!"

रेयॉन! म्हंजे आमचं कुर्त्यांचंच कापड! पुढचं 'झम' कोण ऐकतंय?

"हाव, येते की! पीस किती ठेवायलीस?"

"माझे दोन हायत."

"दोनच? पोरी, मी चाळीस आणते!"

ती काहीतरी ओरडली, पण तेवढ्यात बस आली. मी फोन ठेवला.

रविवारी दोन पिशव्या घेऊन कॉलेजात हजर! दारात एक सर उभे होते.

"मी अस्मिताची आत्या, अर्धापूरहून आले. बारा वर्षं झाली, रेयॉनमध्येच हाय."

सरांचे डोळे मोठे झाले. "बारा वर्षं? अर्धापुरात? अन् आम्हाला पत्ताच न्हाई!"

त्यांचे भाषणाला बोलावलेले पाहुणे वाटेत गाडी बंद पडून अडकलेले. सरांनी मला थेट माईकसमोर उभं केलं. समोर मार्क देणाऱ्या परीक्षक बाई. मागून अस्मिता दोन्ही हात हलवायलेली. मला वाटलं, 'मोठ्यानं बोल' म्हणतीय.

बोलले की मोठ्यानं! "रेयॉनचा सगळा खेळ उजेडाचा हाय!"

टाळ्या! खरंच टाळ्या! आता मला कोण थांबवणार?

परीक्षक बाईंनी विचारलं, "मग किरण थेट पडतात तेव्हा?"

"पडूच द्यायचे न्हाईत! रंग उडतो. उलटं करून सावलीत वाळवायचं."

सभागृह गार. मला वाटलं, भारावले! मग मी भिंतीकडं वळले. सगळीकडं रंगांच्या तिरक्यातारक्या रेघा. म्हटलं, नवे छापे दिसतात.

"छापे बरे हायत," मी म्हणाले. "पण हा मधला रिजेक्ट माल. धागे सुटलेत, रंग एकमेकांत उतरलेत, मधोमध फुगलाय. फुकट दिला तरी घेऊ नका!" आन् चांगला माल दाखवायला मी पिशवीतनं कुर्ती काढली.

हशाचा असा स्फोट झाला म्हणता! सर डोकं धरून खालीच बसले. अस्मितानं मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"आत्या, हे कापड न्हाई! शंभरेक वर्षांपूर्वी रशियातल्या चित्रकारांनी काढलेली तऱ्हा हाय ही. वस्तू न्हाई काढायची, तिच्यावरून डोळ्यापर्यंत येणारे किरण काढायचे!"

"मग आधी सांगायचं न्हाई का?"

"फोनवर ओरडून सांगत होते की!"

पोरीचं वर्ष मी पाण्यात घातलं! "अगं, तुझे मार्क?"

"बाई हसून हसून रडायल्या. चित्र त्यांना मघाशीच आवडलंय. चांगले देते म्हणाल्या."

तेव्हा कुठं जिवात जीव आला. "तुझं चित्र दाखव तरी."

तिनं त्या मधल्याकडं बोट केलं. जवळ जाऊन बघते तर खाली बारीक अक्षरात नाव लिहिलेलं: 'माझी आत्या'.

म्हणजे भर सभेत, माईकवरून, मीच मला रिजेक्ट केलं होतं. वर लोकांना बजावलं होतं, फुकट दिली तरी घेऊ नका!