भागीरथीबाईंनी आणलेली वीज

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावापासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. तिथे भागीरथीबाईंची भाताची गिरणी आहे. गिरणीला वीज आली ती सरकारी वीज बोर्डाच्या काळात. ओढ्यापलीकडे गाडी येत नव्हती, म्हणून गावच्या माणसांनी खांब खांद्यावर वाहून आणले. त्यात बाईंचा नवरा चांगो सगळ्यांच्या पुढे होता.

पुढे बोर्डाची कंपनी झाली. पाटी बदलली, माणसं तीच राहिली. महिपत वायरमन गावातच राहायचा. फ्यूज उडाला की त्याला अंगणातून हाक मारायची. चांगो काविळीने गेला, तेव्हा दिरांनी बाईंना गिरणी विकायला सांगितलं. बाईंनी ऐकलं नाही. पट्टा कसा ताणायचा, एक फेज गेली की मोटर कशी घरघरते, हे सगळं त्या महिपतकडून शिकल्या आणि गिरणी चालू ठेवली.

मग आमच्या भागातली वीज एका खाजगी कंपनीकडे गेली. मुरबाडला काचेच्या दाराचं ऑफिस झालं. महिपतची लांब बदली झाली आणि तक्रार फोनवर करायची, असं ठरलं. सुरुवातीला कारभार चांगला होता. तारा नव्या आल्या, दिवे मिणमिणायचे थांबले. "खोटा कशाला बोलू," बाई म्हणायच्या, "मोटर आता झटक्यात उचलते."

गेल्या दिवाळीनंतर मळण्या उरकल्या, गिरणीत पोती लागली आणि गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, जळाला. फोन केला की तक्रार नोंदवली, एवढंच उत्तर यायचं. आठवडा गेला. लोक टेम्पो करून भात मुरबाडला नेऊ लागले.

पुतण्या ओमकार म्हणाला, "काकी, डिझेल इंजिन आणू. किती वाट बघशील?"

"इंजिन आणला तर कंपनी म्हणेल, यांचा चाललाय. मग घरातले दिवे कोण लावणार?"

दुसऱ्या दिवशी बाई मुरबाडला गेल्या. शेखर नावाचे तरुण अधिकारी होते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली.

"काकू, डीपी आमच्याकडे तयार आहे. पण तुमच्या ओढ्यावरची मोरी खचलीय. एवढा जड ट्रक तिच्यावर घालता येणार नाही. आणि रस्ता पंचायतीचा, आमचा नाही."

"मोरी झाली तर?"

"तर लगेच पाठवतो."

"सायेब, तुमचा हा शब्द मी गावात सांगणार हाय. मागून फिरू नका."

गावात वेगळंच ऐकायला मिळालं. मोरी पंचायतीची, वीज कंपनीची; मग आपण का राबायचं? बाईंनी वाद घातला नाही. सकाळी घमेलं घेऊन त्या ओढ्यात उतरल्या आणि दगड वेचू लागल्या. त्यांची सून रंजिता आणि शेजारच्या दोघी मागोमाग आल्या. दुपारी पुरुष पहारी घेऊन आले, जरा ओशाळलेच. वाशिंदच्या कारखान्यात कामाला जाणारी पोरंही रविवारी सुट्टीच्या दिवशी आली. दगड रचले, वर मुरूम चोपला. मग बाईंनी ओमकारला भरलेला ट्रॅक्टर मोरीवरून न्यायला लावला आणि स्वतः खाली उभं राहून दगड हलतो का ते पाहिलं.

शेखरसाहेब मोटारसायकलवर येऊन मोरी बघून गेले. "उद्या ट्रक येईल," म्हणाले. तो 'उद्या' काही आला नाही. बाईंनी सकाळ-संध्याकाळ फोन केले. शेवटी म्हणाल्या, "मी येऊन बसते तुमच्या दारात, मग दोघं मिळून पाठवू." दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक मोरीवरून सावकाश आला आणि अंधार पडायच्या आत गिरणीची मोटर फिरली. ज्यांनी पोती परत नेली नव्हती, त्यांचं भात बाईंनी आधी काढून दिलं.

त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं, असं पुष्कळांना वाटलं. पण बाईंनी नवीन मागणी काढली: म्हशाला कंपनीचा वायरमन पाहिजे. शेखरसाहेब म्हणाले, ते माझ्या हातात नाही. "मग ज्याच्या हातात हाय त्याला सांगा," म्हणून बाई दर महिन्याला ऑफिसात जाऊ लागल्या. आधी एकट्या, मग शेजारच्या दोन गावांच्या बायांना घेऊन.

यंदाच्या पावसाळ्यापुरता कंपनीने म्हशाला एक वायरमन ठेवलाय. गावाने बाईंचं कौतुक केलं. त्या मात्र म्हणाल्या, "चार महिन्यांवर काय खूश होताय? वीज काय फक्त पावसात जाते?" आणि पुढच्या खेपेला मुरबाडला कोण कोण येणार, ते विचारू लागल्या.