जागेचा रकाना

ऑफिसात त्याला सगळे तारकाका म्हणत. उमेदवारीची वर्षं त्याने शिडीवर चढून तारा ओढण्यात घालवली होती. आता खुर्चीत बसून तो चार गावांचं नेटवर्क एका पडद्यावरून हाकायचा, तरी नाव काही सुटलं नाही.

त्याची करामत तशी साधी. यंत्राची ओळख वेगळी, जागा वेगळी. दवाखान्यातलं मशीन तळमजल्यावरून चौथ्यावर नेलं, तरी त्याचा नंबर तोच. ते सध्या कुठे आहे याची नोंद मधला सर्व्हर आपोआप बदलायचा. "कुठे आहे ते विचारत बसायचंच नाही. नुसती हाक मारायची," असं तो नवख्यांना मोठ्या तोऱ्यात सांगे.

आई दुसऱ्या गावी, थोरल्या भावाकडे. तिलाही त्याने याच जाळ्यातला टेबलावरचा एक फोन देऊन ठेवला होता. रोज चारला, चहा पिता पिता, बोलणं व्हायचं.

"कुठे आहेस रे? जेवलास का?"

"ऑफिसात. तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

झालं. भेटायला मात्र पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या.

एका मंगळवारी चारला फोन नुसता वाजत राहिला. साडेचारलाही तेच. तेव्हा त्याने पहिल्यांदाच आईच्या नंबरापुढचा जागेचा रकाना उघडला. तिथे भावाचं घर नव्हतं. त्याच्याच ऑफिससमोरचा, रस्त्यापलीकडचा वृद्धाश्रम होता, आणि नोंद आठ महिन्यांपूर्वीची.

तो चप्पल अर्धवट अडकवून पळत सुटला.

"जेवून खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत," तिथल्या बाई म्हणाल्या. "थोरल्यांना आत्ताच कळवलं. त्यांची परदेशी बदली झाली ना, तेव्हा आजी स्वतःच म्हणाल्या, मला इथे ठेवा. धाकट्याला सांगू नका, उगाच त्याची धावपळ."

खुर्ची खिडकीशी होती. खिडकीतून त्याचं ऑफिस दिसत होतं, त्याच्या टेबलावरचा दिवासुद्धा. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चारच्या आधीच इथे येऊन बसायच्या. आम्हाला दाखवायच्या, तो तिसऱ्या मजल्यावरचा टकलू माझा."

"मग मला एकदा तरी सांगायचं!"

"मीही तेच म्हणायचे हो," बाई हळूच म्हणाल्या. "तर म्हणायच्या, तो विचारेल ना कधीतरी, आई, कुठे आहेस? तेव्हा सांगेन."