धुऱ्यावरचा ध्रुव

किस्से कुणी गोळा करत नाही, ते साचतात. माझ्या कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत रिकामी खोकी साचतात, तसेच. एक दिवस दार उघडायला जावं तर दार आतून अडतं. आमच्या दुर्बिणीचं तसंच झालंय. रिसोडात कुठंही चहाला टेकलो की कुणीतरी म्हणतंच, "बंडूभाऊ, तो खुंटीवाला सांगा ना." खुंटीवाला सांगायचा तर त्याच्याआधीचेही सांगावे लागतात. म्हणून सगळेच सांगतो.

मंडळी आम्ही तीनच. बोंडे सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्यांचा सगळ्या जगावर विश्वास. गजूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्याचा फक्त सॉफ्टवेअरवर विश्वास. आणि मी. माझा कशावरच नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख मी दोनदा वाचतो. बायको म्हणते, "तुमी आरशातल्या मानसालेबी आधार कार्ड मागसान."

दुर्बीण तिघांची मिळून. तिच्याखाली मोटारवालं स्टँड असतं, त्याला माउंट म्हणतात. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, आणि ही मोटार दुर्बिणीला हळूहळू त्यांच्यामागं फिरवते. पण त्यासाठी माउंटचा कणा आभाळाच्या उत्तर टोकावर अगदी नेमका रोखावा लागतो. नेम चुकला की फोटोत तारा ठिपक्यासारखा न येता गांडुळासारखा येतो. तो नेम धरायला लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर. ते फोटो काढतं, तारे ओळखतं आणि सांगतं, थोडं डावीकडं घ्या, थोडं वर घ्या. आपण स्क्रू पिळायचे. इतकं सोपं काम, पण त्यापायी निम्मा तालुका आमच्याकडं वाकड्या नजरेनं पाहायला लागला.

*

पहिल्यांदा मांडली ती माझ्या गच्चीवर. उत्तरेला शेजारच्या आप्पांचं घर. आप्पा दोन-तीन संध्याकाळी गप्प राहिले, मग कठड्याशी आले.

"बंडू, तारे चारी बाजूनं असतेत ना?"

"असतेत."

"मंग तुमची नळी रोज पयले आमच्याच घराकडं काहून?"

बोंडे सर पुढं झाले. "आप्पा, आधी उत्तर धरावी लागते. उत्तर तिकडं आहे."

"उत्तर आमच्या घरात हाय?"

"घरात नाही, घराच्या जरा वर."

सरांना वाटलं, खुलासा झाला. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या गच्चीवर बांबू उभे राहिले आणि त्यांना निळी ताडपत्री ताणून बांधली गेली. आपल्याकडं ध्रुव तसा बुटकाच, फार वर नसतो. तो नेमका ताडपत्रीमागं गेला. संध्याकाळी सॉफ्टवेअरनं फोटो काढला आणि कळवलं की तारे सापडत नाहीत.

गजू म्हणाला, "भाऊ, आभाळ आलं काय इचारून राह्यलं."

म्हटलं, "त्याले सांग, आप्पा आले."

*

मग आम्ही कॉलेजच्या मैदानावर जायला लागलो. तिथं माझं आणि सॉफ्टवेअरचं वाजलं.

मी म्हणायचो, ध्रुव डोळ्यानं दिसून राह्यला ना समोर? मग रोखा त्याच्यावर आणि मोकळे व्हा. आम्ही रोखायचो. सॉफ्टवेअर म्हणायचं, चुकलं. मी गजूला बाजूला घेतलं. "खरं सांग, हे सॉफ्टवेअर कुठून उतरवलं तू? फुकटचं हाय ना?"

"फुकटच असते थे. साऱ्या दुनियेत फुकट हाय."

"मंग त्याचा फायदा काय आपल्याले खरं सांगण्यात?"

गजू माझ्याशी तासभर बोलला नाही. शेवटी सरांनी समजावलं. ध्रुव अगदी टोकावर नसतोच म्हणे. खरं टोक रिकामं असतं, आणि ध्रुव त्याच्याभोवती एक बारकं रिंगण घालत असतो. "आता बघा, दिवाळीच्या सुमाराला दिवेलागणीच्या वेळी तो खऱ्या जागेच्या उजव्या अंगाला असतो. अक्षय तृतीयेला त्याच वेळी डाव्या अंगाला. डोळ्याला कळत नाही, सॉफ्टवेअरला कळतं."

मला हे अजिबात पटलं नाही. लहानपणापासून ऐकत आलो की ध्रुव हलत नाही, आणि आता फुकटचं सॉफ्टवेअर सांगणार की हलतो. पण मुकाट्यानं सॉफ्टवेअर सांगेल तसे स्क्रू पिळले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा फोटोत तारे ठिपक्यासारखे आले. गजूनं मला तो फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, वर काही लिहिलं नाही.

*

मैदानावर मोठे दिवे लागले, त्या उजेडात तारे दिसेनात, आणि आम्ही पुन्हा बेघर झालो. तेवढ्यात सुदामकाका दुकानात आले. रिठदचे शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. म्हणाले, "माझ्या वावरात या. सपाट पट्टा हाय, पडीत हाय, उत्तरेले एक झाड नाही."

सर आणि गजू खूश. माझ्या डोक्यात किडा वळवळला. काळीभोर जमीन, आणि हा माणूस पडीत ठेवतो?

"काहून पडीत हाय काका?"

"हाय पडली," काका म्हणाले आणि फवारणीच्या पंपाचं पाहायला लागले.

जाऊन पाहिलं. एका कडूनिंबापासून पट्टा सुरू होतो आणि सरळ उत्तरेला जातो. निंबापाशी वीतभरसुद्धा नाही, पण पलीकडच्या टोकाला बैलगाडी उभी राहील एवढा रुंद. डावीकडं सुदामकाकाचं सोयाबीन, उजवीकडं धाकट्या भावाचं, नामदेवकाकाचं. मधला धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, कुठून जातो यावर दोघांचं वाकडं, कैक वर्षांपासून. दोघंही म्हणतात, बापानं मला स्वतः दाखवला. दोघंही म्हणतात, दुसरा खोटारडा. पट्टा कुणी पेरायचा नाही आणि दुसऱ्याला पेरू द्यायचा नाही. आणि बोलायचंही नाही. विहीर एक, पण मोटार चालू करायची असली तर सुदामकाका बैलाला सांगतात, "मी पानी घेऊन राह्यलो बरं." पलीकडून नामदेवकाका आपल्या बैलाला सांगतात, "घेऊ दे."

म्हणजे आम्हाला तिथं बसवलं ते ताऱ्यांसाठी नव्हे. सुदामकाकांच्या शब्दावर इथं माणसं बसतात, हे धाकट्याला दिसावं म्हणून. मी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "बंडूभाऊ, तुम्हाला प्रत्येकात काळंबेरंच दिसतं."

*

पोळा झाला आणि पावसानं दडी मारली. शेंगा भरायची वेळ, आणि आभाळ लख्ख. आम्ही शनिवारी मांडामांड करतोय, सर हिरव्या लेझरनं गजूला ध्रुव दाखवतायत, तेवढ्यात नामदेवकाका आपल्या हद्दीत उभे राहून म्हणाले, "तुमी ढग पळवता म्हंतेत."

"कोण म्हणतं?" सरांनी विचारलं.

"थे जाऊ द्या. तुमी येता त्या दिवशी आभाळ साफ असते. असते का नाही?"

"असतं. अहो काका, साफ असतं म्हणून तर आम्ही येतो."

काकांनी जरा विचार केला. "थेच म्हंतो मी. तुमाले रिसोडात बसून आधीच कसं मालूम पडते?"

गजूला वाटलं, दाखवलं की पटेल. त्यानं मोबाइल काढून हवामानाचं अॅप दाखवलं. पुढच्या शनिवारावर ढगाचं चित्र होतं, त्याच्या पुढच्यावर सूर्याचं.

"म्हंजे मोबाइलवरून करता," काका म्हणाले आणि निघून गेले.

पुढचा शनिवार आम्ही गेलो नाही, आणि त्या दिवशी दणकून पाऊस आला. सोमवारी नामदेवकाका दुकानात. चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "भाऊ, असेच घरी बसत जा. सोंगनीले, पीक कापाच्या टायमाले मातर रोज या."

*

आता खुंटी. दर वेळी नव्यानं नेम धरण्यात संध्याकाळ जाते, म्हणून स्टँडचे तीन पाय जिथं टेकतात तिथं सरांनी तीन लाकडी खुंट्या ठोकल्या. पाय खुंटीवर ठेवले की नेम जवळपास धरलेलाच.

पुढच्या शनिवारी पाय खुंट्यांवर ठेवले. सॉफ्टवेअर म्हणालं, भलतंच डावीकडं गेलंय. दुरुस्त केलं, खुंट्या नीट ठोकल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणालं, भलतंच उजवीकडं.

मी म्हटलं, "पाहा, मी म्हणत होतो. हे आपल्याले खेळवून राह्यलं."

गजू म्हणाला, "भाऊ, तुमचंच कोपर लागलं असन."

सर म्हणाले, "तुम्ही दोघं जरा गप्प बसाल का?" त्या संध्याकाळी आम्ही तिघंही एकमेकांकडं पाहत नव्हतो. ही दुर्बीण आता विकायची का, इथपर्यंत गोष्ट आली.

मधल्या वारी मी भर दुपारी रिठदला औषध पोचवायला गेलो, आणि मुद्दाम वावराकडून वळलो. सुदामकाका कुदळ घेऊन आमच्या खुंटीवर वाकलेले.

"काका, काय करून राह्यले?"

"त्यानं सरकवली होती. जाग्यावर लावून राह्यलो."

"अहो, तिची जागा तुमाले कशी मालूम?"

"माह्या धुऱ्याची जागा मले मालूम नाही?"

मग डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं धुऱ्याजवळ नवी खुंटी दिसली की ती हद्दीचीच. तीन पायांचं स्टँड दिसलं की मोजणीच. आम्ही आठवडाभर नसलो की एक भाऊ खुंटी इकडं सरकवायचा, दुसरा तिकडं. सॉफ्टवेअर बिचारं दर शनिवारी या दोघांचं भांडण अचूक मोजून आम्हाला सांगत होतं.

नामदेवकाका पलीकडून पाहतच होते. मोठ्यानं मला म्हणाले, "त्याले सांगा, आता खुंटीले हात लावला तर डोस्कं फोडीन."

सुदामकाका माझ्या अलीकडून म्हणाले, "त्याले म्हना, शनिवारी ये. कोनाचं फुटते थे पाहू."

मी दोघांच्या मध्ये उभा. हे सगळं आमच्या तीन खुंट्यांपायी.

*

शनिवारी जाऊच नये असं माझं मत. सर म्हणाले, "न जाऊन कसं चालेल? खुंट्या आपल्या आहेत." म्हणून दिवस मावळायलाच पोचलो. दोघं भाऊ आधीच हजर. पट्ट्याच्या या अंगाला सुदामकाका, त्या अंगाला नामदेवकाका. दोघांच्या हातात काठी.

मी सरांच्या कानात म्हटलं, "तुमी खुंट्या उपटा, गजू गाडी चालू ठेवते."

सरांनी ऐकलं नाही. त्यांनी शांतपणे स्टँड मांडलं, लॅपटॉप उघडला. गजूनं केबल लावली. तेवढ्यात उत्तरेला ध्रुव दिसायला लागला, आणि सुदामकाकानं काठी उचलून त्याच्याकडं रोखली.

"सर, तुमी शिकलेले आहा. त्याले सांगा. माह्या लग्नानंतर बापानं मले वायलं काढलं, माहा हिस्सा देला. दिवाळीचा पाडवा होता, दिवे लावून आम्ही वावरात आलो. बापानं मले या निंबाखाली उभं केलं अन म्हनला, इथून ध्रुवाच्या नाकासमोर सरळ, थो तुहा धुरा. बाप काय खोटं बोलला असन?"

नामदेवकाका तडकले. "त्याले सांगा सर, बाप खोटं नाही बोलला, हा बोलते. मले बापानं त्याच्या पुढच्या अक्षय तृतीयेले आनलं. हेच निंब, हाच ध्रुव, हीच दिवेलागन. अन धुरा गेला तिकून." त्यांची काठी पट्ट्याच्या डाव्या काठाकडं गेली, सुदामकाकाच्या सोंगलेल्या सोयाबीनला लागून.

सर लॅपटॉपवरून मान वर करून पाहतच राहिले. गजूचा हात केबलवर तसाच. सॉफ्टवेअरला ज्यानं फुकटचं म्हटलं तो मी, पण माझ्याच तोंडून निघालं, "सर, थे रिंगण दाखवा."

सरांनी लॅपटॉप दोघांच्या मध्ये खाली ठेवला. दोघं भाऊ आपापल्या बाजूनं वाकले. पडद्यावर मधोमध खरं टोक, आणि त्याच्याभोवती ध्रुवाचं बारकं रिंगण. सरांनी उजव्या काठावर बोट ठेवलं. "दिवाळी. सुदामकाकांचा ध्रुव." मग डाव्या काठावर दुसरं ठेवलं. "अक्षय तृतीया. नामदेवकाकांचा ध्रुव." मग दोन्ही बोटं तिथून उचलली आणि वावराकडं केली. निंबापाशी वीतभरही नाही, टोकाला गाडीभर.

सुदामकाकांची नजर पट्ट्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली. मग म्हणाले, "म्हंजे हा खोटा नाही?"

"नाही," सर म्हणाले.

"अन मी?"

"तुम्हीही नाही."

नामदेवकाकांनी पडद्याच्या मागं वाकून पाहिलं, लॅपटॉपखाली पाहिलं, मग गजूकडं पाहिलं. "हे याच्यात आज भरलं काय तुमी?"

"नाही काका. पयलेपासून हाय."

विहिरीकडून बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. सुदामकाकांनी काठी खाली टेकवली, तिच्यावर भार दिला आणि सरळ पट्ट्यापलीकडं पाहिलं. मधे ना सर, ना मी, ना बैल.

"नामा, जेवला काय रे?"

नामदेवकाका दचकले. त्यांनी एकदा भावाकडं पाहिलं, एकदा लॅपटॉपकडं, आणि मग हळूच माझ्याजवळ सरकले.

"भाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हा काहून इचारून राह्यला?"