टाकीच्या तोंडावर रंगूबाई

रंगूबाईचं काम म्हणजे नुसतं बसायचं काम, असं सगळी टोळी म्हणायची. महाडच्या एमआयडीसीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात टाकी साफ करायला माणूस आत उतरला की एकानं टाकीच्या तोंडाशी बसायचं, आतल्याच्या कमरेचा दोर हातात धरायचा आणि काही झालं तरी जागा सोडायची नाही, असा नियम आहे. पुरुषांना त्यात कमीपणा वाटतो. म्हणून ते काम पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून रोज टेम्पोनं येणाऱ्या या पंचावन्न वर्षांच्या विधवेच्या वाट्याला आलं. "काय गो रंगूबाय, आज किती येळ बसणार?" असं श्रीपत मुकादम रोज विचारायचा, आणि ती रोज तेच सांगायची, "तुमी वर येस्तोवर."

टोळी म्हणजे तरी कोण? सगळी एकाच वाडीतली भावकी. ठेकेदाराला ते सोयीचं, एक फोन केला की दहा माणसं हजर. पण अशा टोळीत परका कुणीच नसतो, आणि आपला माणूस आत पडला की बाहेरच्याला उभं राहवत नाही, हे ठेकेदाराच्या डोक्यात कधी आलं नाही. रंगूबाईच्या डोक्यातून मात्र ते वीस वर्षांत गेलं नव्हतं. आता बंद पडलेल्या एका कारखान्यात तिचा थोरला दीर महादू अडकलेला पंप सोडवायला खड्ड्यात उतरला आणि आतल्या गॅसनं खाली बसला तो बसलाच. काठावर तिचा नवरा होता, रामा. "दादा!" अशी एक हाक मारून त्यानं उडी घेतली. तोंडाला लावून आत उतरायचा हवेचा संच पंधरा पावलांवरच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. संध्याकाळी वाडीवर एकाच टेम्पोतून दोन मढी आली.

वाडीनं रामाचं मोठं कौतुक केलं. तेव्हापासून शिमग्याला पालखी पहिली रामाच्या दारात थांबते आणि म्हातारी माणसं देवापुढच्या गाऱ्हाण्यात त्याचं नाव घेतात, भावासाठी जीव दिला म्हणून. रंगूबाई पालखीला ओवाळायची, नारळ द्यायची, आणि दात आवळून उभी राहायची. रामानं भावाला वाचवलं असं मात्र कुणी म्हणायचं नाही, कारण वाचवलं नव्हतंच. दोन बायकांचं कुंकू गेलं, त्यातली एक, महादूची बायको, मुंबईला घरकाम करायला गेली आणि तिचा चार वर्षांचा साहिल रंगूबाईच्या पदरात राहिला. या सगळ्याचं कौतुक कसलं करायचं, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

तर तोच साहिल आता चोवीस वर्षांचा होऊन याच टोळीत होता, आणि त्या दिवशी सांडपाण्याच्या टाकीत गाळ काढायला पहिला उतरणार होता. दुसऱ्या दिवसापासून शिमग्याची सुट्टी. पालखी वाडीवर यायची होती, खांदा द्यायला हीच पोरं लागणार होती, टेम्पो गेटबाहेर उभा होता. सुहास सुपरवायझरनं सकाळीच सांगून टाकलं होतं, टाकी झाली की सुट्टी. साहिल कमरेला पट्टा आवळून तयार होता.

रंगूबाईनं टाकीत उतरायच्या परवानगीचा, परमिटचा कागद हातात घेतला. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण आकडे तिला कळत. टाकीतली हवा मीटरनं मोजून जो आकडा लिहायचा, तो लिहिलेला होता. आणि मीटर तर परवाच दुरुस्तीला ठाण्याला गेलेला, तिच्यासमोर खोक्यात भरून.

"साहेब, मीटर नाय, मंग आकडा कुठनं आला?"

"रंगूबाई, झाकण कालपासून उघडं आहे, पंखा लावलाय. दर वेळी तेवढाच आकडा येतो," सुहास म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे, उगाच खोडा घालू नका."

रंगूबाईनं कागदाची घडी केली, पोलक्यात खोचली आणि टाकीच्या तोंडावर फतकल मारून बसली. दोन्ही पाय आडवे. आत उतरायची शिडी तिच्या पाठीमागे.

मग काय विचारता! श्रीपत ओरडला, टोळी कावली. साहिलला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ऊठ गो काकी! सगळी हसतायत मला. गॅस असता तर वास आला नसता?"

"तुझ्या बापाला बी वास आला नव्हता."

"लोकं भावकीसाठी जीव देतात आन् तू भावकीलाच अडवतेस?" श्रीपत म्हणाला. "रामाची बायको ना तू?"

हे मात्र तिला झोंबलं. वीस वर्षं दाताखाली धरलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. "व्हय, रामाचीच! त्यानं उडी मारली नसती तं घरात एक मढं आलं असतं, दोन नाय! तुमाला पालखीत घ्यायला नाव गावलं, मला काय गावलं? उद्या ह्यो पोरगा आत पडला तं तूच पयली उडी मारशील, श्रीपत. मी वळखते तुला. मंग तुझ्या मागनं तुझा भाव. किती दारांत पालखी थांबवणार तुमी?"

सुहासनं आवाज चढवला, "उद्यापासून तुमचा गेटपास बंद."

"उद्याचं उद्या. आज मी हितंच हाय. कुणी हात लावला तं ह्यो कागद घेऊन सरळ मोठ्या साहेबांकडं जाईन."

सुहासनं हात टेकले. शेजारच्या कारखान्यातून मीटर मागवायला दोन तास गेले. टोळी सावलीत बसून तिच्या नावानं बोटं मोडत होती आणि रंगूबाई उन्हात, टाकीच्या तोंडावर. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी पुढे केला नाही.

मीटर आला. दोरीला बांधून आत सोडला, वर काढला. सगळे वाकून बघायला लागले. हवा चांगली होती. परमिटवर लिहिलेला आकडा आणि मीटरचा आकडा, दोन्ही एकच!

टोळीत जो हशा उसळला तो गेटपर्यंत ऐकू गेला असेल. सुहासच्या चेहऱ्यावर तर दिवाळी. "बघितलंत? दोन तास फुकट घालवलेत. काय झालं सांगा, काय झालं?"

रंगूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. शिडीची वाट मोकळी केली.

"काय नाय झालं, साहेब. मला तेच पायजे होतं."

तिनं साहिलच्या कमरेचा दोर ओढून पाहिला, गाठ सोडून पुन्हा बांधली. तो तिच्याकडे न बघता फणकाऱ्यानं खाली उतरला. नियमाप्रमाणे थोड्या थोड्या वेळानं वरच्यानं दोराला हिसका द्यायचा आणि आतल्यानं उलटा द्यायचा. रंगूबाईनं हिसका दिला. उलटा हिसका आला नाही. रागावलाय, हे तिला कळत होतं. श्रीपत मात्र हसायचं थांबून टाकीकडे धावला. तिनं एक हात आडवा करून त्याला तिथंच रोखलं, दुसऱ्या हातानं दोर ताणला आणि टाकीत तोंड घालून ओरडली, "साहिल, राग घरी जाऊन काढ! दोर वढ!"

क्षणभर खालून फक्त फावड्याचा आवाज आला. मग दोराला हिसका बसला, चांगला जोरात, तिचा हात खाली ओढला जाईल इतका.

"बस तिकडं सावलीत," ती श्रीपतला म्हणाली. "मी हाय हितं."